भंगार, दुरुस्ती आणि इतिहास : एका जुन्या पिकअपच्या निमित्ताने

मराठी साहित्यात यंत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मर्ढेकरांच्या पिढीला यंत्रयुगाने अस्वस्थ केले, नारायण सुर्व्यांच्या कवितेत कारखाना आणि कामगार आले, १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'ने यंत्राला मध्यमवर्गाच्या घरात मानाची जागा मिळवून दिली. यातले बहुतेक लेखन यंत्र चालू असतानाचे आहे. ते बंद पडल्यावर त्याच्याखाली जमिनीला पाठ लावून, हातात पाना घेऊन पडलेल्या माणसाकडे आपल्या लेखकांचे आणि समीक्षकांचेही लक्ष क्वचितच गेले. आमचेही गेले नसते. दीड वर्षापूर्वी आम्ही तिघांनी, दोघे मराठीचे शिक्षक आणि एक इतिहासाचा, वर्गणी काढून एक जुनी पिकअप विकत घेतली आणि ती दुरुस्त करता करता जे समोर आले त्याने आम्हांला आमच्याच विषयांकडे परत आणून सोडले. प्रस्तुत टिपण त्याविषयी आहे.

गाडी मिळाली निफाड तालुक्यातल्या एका मळ्यात, कांद्याच्या चाळीमागे. महिंद्राची एफसी-१५० : बुटकी, चपट्या नाकाची, चालकाच्या आणि शेजाऱ्याच्या मधोमध इंजिन घेऊन बसणारी. तिने वीस-बावीस वर्षे लासलगावच्या बाजाराला कांदे पोचवले होते आणि नंतरची अकरा वर्षे ती कडुनिंबाखाली उभी होती. चारही टायर चिरून जमिनीला चिकटलेले, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, वायरिंग उंदरांनी खाल्लेले, डिझेलच्या टाकीत गंजाचा चिखल, ब्रेक जाम, आणि इंजिन तर हँडल लावून दोघांनी जोर केला तरी तसूभर हलेना. मळ्याचे मालक म्हणाले, "सर, भंगारवाला तीनदा येऊन गेला. पण वडिलांची गाडी, तोडायला मन होत नव्हतं. तुम्ही नेणार असाल तर न्या." भंगारवाल्याने वजनावर केलेल्या किमतीत थोडी भर घालून आम्ही ती नेली. ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून ती नाशकात आली, तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते येथे लिहिण्यात अर्थ नाही.

या गाडीचे कुळ पाहू गेल्यास पहिल्याच पायरीवर एक गमतीदार विसंगती भेटते. मूळ एफसी-१५० ही अमेरिकेतल्या विलिज कंपनीची. १९५६ च्या अखेरीस ती तिथल्या बाजारात आली. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ इतकाच, की चालकाची जागा पुढे सरकवून इंजिनाच्या वर आणली आहे. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अवघे ८१ इंच असूनही ७४ इंच लांबीचा हौदा तिच्यावर बसला. तिचे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या औद्योगिक अभिकल्पकाने ठरवले. हेच ते स्टीव्हन्स, ज्यांनी १९५४ पासून आपल्या भाषणांतून एक शब्दप्रयोग अमेरिकेत घरोघरी पोचवला. मराठीत त्याला 'नियोजित कालबाह्यता' म्हणता येईल. हा शब्दप्रयोग त्यांचा स्वतःचा नव्हे. १९३२ साली मंदीच्या काळात बर्नार्ड लंडन यांनी आपल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच तो वापरला होता. लंडन यांचा उपाय असा, की सरकारने वस्तूंची आयुर्मर्यादा ठरवून द्यावी, ती संपली की वस्तू मोडीत काढावी, म्हणजे कारखाने चालू राहतील. स्टीव्हन्सना कायद्याची गरज वाटत नव्हती. हातातली वस्तू चांगली चालत असतानाच ग्राहकाला थोड्या नव्या, थोड्या बऱ्या वस्तूची ओढ लागावी, गरजेच्या थोडी आधीच लागावी, एवढे घडवून आणणे म्हणजे अभिकल्पकाचे काम, असे त्यांचे म्हणणे होते. १९६० साली व्हान्स पॅकर्ड यांनी या वृत्तीवर आख्खे पुस्तक लिहून झोड उठवली.

अशा माणसाने रेखलेली ही गाडी अमेरिकेत १९६५ पर्यंतच निघाली. भारतात ती त्याच सुमाराला सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. जन्मभूमीत मॉडेल म्हणून ती नऊ वर्षांत संपली. निफाड तालुक्यात तिचा एकेक नग तीस-तीस वर्षे राबला. हे का घडले, या प्रश्नाचे उत्तर अभिकल्पकाकडे नाही. ते आपल्या आर्थिक इतिहासात आहे.

१९४५ साली कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्या भागीदारीत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पेढी काढली. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली पेढीच्या नावातला दुसरा शब्द बदलला. फाळणीचा इतिहास शिकवताना आम्ही गावांची आणि माणसांची नावे सांगतो. बॉनेटवरच्या नावाला फाळणी कशी शिवून गेली हे आमच्यातल्या इतिहासाच्या शिक्षकालाही तोवर जाणवले नव्हते. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. त्याआधी जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला हेच करीत होती. पण सुटे भाग आणून नुसते जोडायचे की भाग इथेच घडवायचे, या प्रश्नावर १९५३ साली टॅरिफ कमिशनने निःसंदिग्ध भूमिका घेतली. इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर, महिंद्र, आणि १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या साहाय्याने ट्रक काढणारी टेल्को अशी मोजकी मंडळी उरली. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने किती गाड्या काढायच्या यालाही परवाना लागू लागला.

जाता जाता एक नोंद. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदी-घोटाळा वापरलेल्या गाड्यांचाच आहे. १९४८ साली काश्मीरच्या युद्धासाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा जीप-खरेदीचा करार केला. जीपगाड्या जुन्या, दुरुस्त करून घेतलेल्या. प्रत्यक्षात पोचल्या १५५, आणि त्याही लष्कराच्या उपयोगाच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्री झाले. जुनी गाडी घेताना चासी स्वतः खाली वाकून पाहावी हा धडा राष्ट्राला इतक्या लवकर मिळाला होता. आम्ही मात्र तो विसरलो. आमच्या गाडीच्या चासीला उजवीकडे एक भेग होती आणि ती आम्हांला दिसली नव्हती; नंतर ती वस्तादांनी दाखवली.

वस्ताद म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या गॅरेजचे मालक. सारा परिसर त्यांना याच नावाने ओळखतो, म्हणून आम्हीही तेच वापरतो. वय पासष्टीच्या आसपास. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "सर, ही गाडी आधी चार जणांनी हाताळलेली आहे. चौघांपैकी दोघांना काम येत होतं." पुढचे आठ महिने या एका वाक्याचा अर्थ आम्ही शिकत होतो.

प्रथम इंजिन. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि गाडी तशीच सोडून दिली. रोज सायंकाळी हँडल लावून दोन्ही बाजूंना थोडा थोडा दाब द्यायचा. झटका द्यायचा नाही, कारण गंजलेल्या कड्या पिस्टनसकट तुटतात. नवव्या दिवशी ते किंचित हलले. त्या सायंकाळी आम्हांला झालेला आनंद आमच्या प्रबंधांच्या मान्यतेच्या दिवशी झाला होता किंवा काय, याविषयी आमच्यात मतभेद आहेत. पुढे हेड उतरले, पंप कॅलिब्रेशनला गेला, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली होती ती सोडवली, ब्रेकचे सगळे रबर बदलून हवा काढली. टाकीत मूठभर खडी घालून ती तासभर गदगदा हलवली तेव्हा आतून तांबडा गाळ निघाला. या कामांचे वर्णन लांबवण्यात स्वारस्य नाही. ज्यात आहे ती गोष्ट नटांची.

वस्तादांच्या पेटीतले पाने आकड्यांनी ओळखले जातात : दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. हे आकडे मिलिमीटर. आमच्या गाडीची चासी, स्टिअरिंग, चाके, सारे इंचात. इंजिन मात्र मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या नटाचे माप १२.७ मिलिमीटर भरते. त्याला तेराचा पाना लागतो, पण किंचित ढिला. चारदा लावला की नटाचे कोपरे झिजतात, मग पाना फिरतो आणि नट फिरत नाही, मग छिन्नी. झिजलेल्या कोपऱ्यांवरून वस्ताद सांगत, इथे इंचाचा पाना असलेला माणूस आला होता, इथे नसलेला. भारताने १९५७ साली दशमान नाणी आणली आणि १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून मेट्रिक मापे आणायला सुरुवात केली. दोन मापनपद्धतींचा तो संधिकाल पाठ्यपुस्तकात अर्ध्या वाक्यात उरकतो. लोखंडात तो पन्नास वर्षे टिकला आहे आणि त्याची किंमत नटांच्या कोपऱ्यांनी दिली आहे. याखेरीज जुन्या विलिज घराण्याच्या रीतीप्रमाणे डावीकडच्या चाकांचे आटे उलटे. सुलटे समजून कोणीतरी जोर लावल्याने दोन स्टड पूर्वीच तुटलेले होते. ते बहुधा 'काम न येणाऱ्या' दोघांपैकी एक.

इंजिन मिलिमीटरमध्ये का, तर ते या गाडीचे नव्हेच. एफसी-१५० मध्ये कारखान्यातून बसलेले असते ते विलिजचे चार सिलिंडरचे, १३४ घनइंचाचे पेट्रोल इंजिन. त्याची रचनाही वेगळी, आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. आमच्या गाडीत त्या जागी फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने महिंद्राने बनवलेले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन होते. नावातला चार म्हणजे सिलिंडर आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. लेथवाल्याने मापून तसे दाखवलेही. ही इंजिने महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनत. म्हणजे इंजिन नाशिक जिल्ह्यातलेच. १९७३-७४ मध्ये अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव जगभर चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोलवर कर जबर आणि डिझेल त्यामानाने स्वस्त, कारण ते शेतीचे, एसटीचे आणि मालवाहतुकीचे इंधन. पुढच्या दोन दशकांत देशभरच्या गॅरेजांतून जीप आणि अॅम्बॅसडर गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरली आणि डिझेल चढली. शिवाय ट्रॅक्टर, पंप, बोटी यांतली इंजिने इकडून तिकडे गेली ती वेगळीच. ही एवढी मोठी तांत्रिक उलथापालथ झाली, आणि तिचा आराखडा कोणत्याही अभियंत्याच्या मेजावर तयार झाला नाही. प्रत्येक गॅरेजने आपापल्या परीने ती सोडवली.

आमच्या गाडीत ती कशी सोडवली होती हे फाउंडेशन काढताना कळले. गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या कोनांवर बसते ते कोन. नव्या इंजिनासाठी ते मुद्दाम घडवलेले होते, हाताने. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जाड पट्टीतून कापलेले, भट्टीत लाल करून वाकवलेले, भोके लांबट ठेवलेली, म्हणजे इंजिन थोडे पुढेमागे सरकवून गिअरबॉक्सशी सरळ रेषेत आणता यावे. डाव्या कोनावर पंचने ठोकलेले एक टिंब होते, उजव्यावर दोन. चासीवर त्या त्या जागी तशीच टिंबे. अशी खूण गॅरेजात नेहमीचीच. बेअरिंगच्या टोप्यांवरही ती असते, उलटसुलट लागू नयेत म्हणून. पण आपण काम करीत आहोत ते पुढे कोणीतरी उघडणार आहे, आणि तो आपल्याला विचारायला येऊ शकणार नाही, ही जाणीव त्या टिंबांत आहे. पोथी नकलणारा लेखक पानाच्या समासात आकडा घालतो त्याच जातीची ही खूण. वस्तादांनी ती अंगठ्याने पुसून पाहिली आणि म्हणाले, "हा तिसरा. ह्याला काम येत होतं."

इथे आमच्यात वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की डिझेल इंजिन काढून टाकावे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात विलिजचे पेट्रोल इंजिन अजूनही मिळते. ते बसवावे, मूळचा रंग शोधून द्यावा, हौदा कारखान्याच्या मापाचा करावा, म्हणजे गाडी 'मूळ' होईल. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत हाच आदर्श मानला जातो. दुसऱ्याचे म्हणणे, ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी चार-सहा वर्षे होती आणि नंतरची पंचवीस वर्षे ती आहे तशी होती. मग मूळ कोणते? तिसरा, म्हणजे या परिच्छेदापुरता लेखणी धरणारा, दोन्ही बाजूंना आलटूनपालटून मान डोलावत होता.

मराठीच्या अभ्यासकांना हा वाद ओळखीचा वाटेल. १५८४ साली एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीन शतकांत शिरलेले अपपाठ काढून टाकले आणि पुढच्यांनी यात आपली ओवी मिसळू नये असे कडक शब्दांत बजावले. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षे खर्चून महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण केली. शेकडो हस्तलिखिते ताडून मागाहून आलेला मजकूर तळटीपांत आणि परिशिष्टांत नेला. पण सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फेकून दिला नाही, छापला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. प्रक्षेप हाही पुरावा असतो. तो ज्या शतकात झाला त्या शतकाचा. आमच्या पहिल्या मित्राला आम्ही हे ऐकवले तेव्हा त्याने विचारले, गाडीला परिशिष्ट कुठे जोडणार? प्रश्न वाजवी होता. पोथीच्या दोन प्रती शेजारी ठेवता येतात. फाउंडेशन एकच बसते. रस्किनने १८४९ साली इमारतींच्या जीर्णोद्धाराविषयी लिहिताना जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा संपूर्ण नाश अशी टोकाची भूमिका घेतली होती. त्याचा राग समजतो, पण त्याने घालून दिलेला पर्याय, वेळच्या वेळी निगा राखा म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही, हा अकरा वर्षे कडुनिंबाखाली उभ्या राहिलेल्या गाडीपुढे निरुपयोगी आहे. थिसियसच्या जहाजाचा दाखला देण्याचा मोह येथे होतो. तो आम्ही आवरतो.

वस्तादांपुढे प्रश्न ठेवला तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पेट्रोल इंजिन बसवा, माझं काही नाही. पण मग हे कोन काढावे लागतील. भंगारात किलोवर जातील." डिझेल इंजिन राहिले. पहिला मित्र आजही नाराज आहे आणि त्याची नाराजी अभ्यासपूर्ण आहे.

आता थोडे भाषेविषयी. राज्याच्या भाषा संचालनालयाने पदनामकोश आणि परिभाषाकोश काढले; त्यांची उपयुक्तता आणि त्यांची थट्टा दोन्ही सर्वांस ठाऊक आहेत. गॅरेजने आपला कोश स्वतः तयार केला आणि त्यासाठी कोणाची समिती बसवली नाही. काही शब्द शेतातून आणि घरातून आले. बोल्टचे 'आटे', स्प्रिंगचे 'पाटे', हौद्याच्या मागच्या झडपेला 'फाळका'. हौदाही हत्तीच्या पाठीवरून उतरून ट्रकवर बसला. काही इंग्रजी शब्द आले ते अर्थ बदलून : 'फाउंडेशन' वर सांगितलेच, 'सेल्फ' म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, 'पिकअप' म्हणजे गाडी आणि गाडीची ओढही, त्यामुळे 'पिकअपला पिकअप नाही' हे वाक्य गॅरेजात निर्दोष मानले जाते. काहींचे उच्चार मराठी तोंडात बसते झाले : वायसर, चासी, आणि ट्रकवरचा 'किन्नर', जो मुळात क्लीनर. स्वर्गातल्या गायकांच्या जातीचे नाव रात्रभर टायर तपासणाऱ्या पोराला मिळाले. यंत्र मात्र सजीव : गाडी ऑइल 'खाते', धूर 'मारते', चढावर 'दम सोडते', नट 'रुसतो'. यात अलंकार शोधणे बरोबर नाही. कान लावून ऐकणाऱ्या माणसाची ही निदानभाषा आहे आणि वैद्याच्या भाषेइतकीच काटेकोर आहे. 'मिसिंग करते' आणि 'ठोकते' यांतला फरक चुकला तर इंजिन विनाकारण उतरते.

यंत्र सजीव मानण्यावरून ऋत्विक घटक यांचा १९५८ चा 'अजांत्रिक' आठवणे अपरिहार्य आहे. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा हा चित्रपट. बिमल नावाचा एकाकी टॅक्सीचालक, त्याची 'जगद्दल' नावाची खिळखिळी शेव्हरोले आणि तिच्यावरचे त्याचे लोकांच्या चेष्टेचा विषय झालेले प्रेम. घटकांनी गाडीला ध्वनी दिले. ती घोट घेते, कण्हते, रुसते. शेवटी बिमल साऱ्या पैशांचे सुटे भाग आणून तिच्यावर ओततो, तरी ती चालत नाही आणि भंगारात जाते. एक मूल तिचा भोंगा वाजवत बसते. चित्रपट थोर आहेच. पण गॅरेजात आठ महिने काढल्यावर आम्हांला तो पूर्वीसारखा दिसला नाही. त्यात दुरुस्ती ही प्रेमाची परीक्षा आहे आणि ती एकट्याने द्यायची आहे. आम्ही पाहिलेली दुरुस्ती एकट्याची नव्हती. वस्ताद, लेथवाला, पंपवाला, वायरमन, टिनकाम करणारा, रंगारी आणि चहा आणणारा, शिवाय दिवसातून दोनदा रस्त्यापलीकडून येऊन सल्ला देणारे एक निवृत्त एसटी चालक. १९७४ साली आलेल्या पिर्सिगच्या सुप्रसिद्ध पुस्तकातही मोटारसायकलची निगा हा एका माणसाच्या चित्ताचा व्यापार आहे आणि पगारी मेकॅनिक तिथे बेफिकीर आहेत. मालक स्वतः दुरुस्ती करतो तिथे तत्त्वज्ञान संभवते. मालक आणि मिस्त्री वेगळे असतात तिथे हिशोब येतो. आपल्याकडे ते बहुतांशी वेगळे होते.

हा हिशोब साधा नाही. टंचाईने दुरुस्तीची संस्कृती घडवली असे आपण अभिमानाने म्हणतो आणि अलीकडे 'जुगाड' या शब्दाला व्यवस्थापनशास्त्रातही प्रतिष्ठा आली आहे. एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी आम्ही वस्तादांना विचारले की हे शिकलात कुठे. ते नवव्या वर्षी गॅरेजात आले. चौथीत होते. पहिली दोन वर्षे नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुणे एवढेच काम. पाना हातात मिळाला तिसऱ्या वर्षी, तोही चुकीचा दिला की त्याच पान्याने हातावर मार. पगार नाही, दोन वेळचे जेवण आणि दिवाळीला कपडे. "मारलं म्हणून शिकलो असं लोक म्हणतात," ते म्हणाले, "मला तर वाटतं मारलं म्हणून निम्मं शिकायचं राहिलं." १९८६ साली बालकामगारविरोधी कायदा झाला आणि २०१६ च्या दुरुस्तीने, घरच्या व्यवसायातली मदत आणि बालकलाकार असे अपवाद सोडल्यास, चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवायला बंदी आली. ती यायला हवीच होती. वस्तादांच्या गॅरेजात आज तीन मुले आहेत, तिघेही वीसच्या पुढचे, एक आयटीआय झालेला. त्याला आकृती वाचता येते आणि ऐकूही येते. वस्तादांची नातवंडे शाळेत आहेत आणि त्यांपैकी कोणी गॅरेजात येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.

राजवाड्यांनी घराघरांतली दप्तरे धुंडाळून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. ज्या व्यवसायात दप्तरच नव्हते त्याची साधने कुठे धुंडाळायची? वस्तादांच्या गॅरेजात बिलबुके आहेत, पण ती मागच्या सहा-सात वर्षांची; आधीची पावसात गेली. उरते ते लोखंडावरचे : वेल्डिंगचा पोत, भोकांची जागा, टिंबे. चासीवरच्या जुन्या भेगेला पूर्वी कोणीतरी पट्टी मारली होती. पट्टीची टोके तिरकी कापलेली होती. सरळ कापली असती तर ताण एका रेषेत येऊन चासी पुन्हा तिथेच तुटली असती. नवी भेग त्या पट्टीपासून हातभर पुढे होती, जिथे दुसऱ्या कोणीतरी हौद्यासाठी नको तिथे भोक पाडले होते. दोन माणसे, दोघांचीही नावे हरवलेली, आणि एकाचे ज्ञान आणि दुसऱ्याचे अज्ञान आठ-दहा इंचांच्या अंतराने आजही वाचता येते. या वाचनाची पद्धत आम्ही वस्तादांकडून शिकलो आणि आमच्या विद्यार्थ्यांना ती शिकवण्यासाठी एका शनिवारी गॅरेजात घेऊन गेलो. वीसपैकी अकरा आले. त्यांपैकी एकीने संध्याकाळपर्यंत थांबून सर्व टिंबांची आणि भोकांची मोजून आकृती काढली. ती आकृती हे या गाडीचे पहिले लिखित साधन.

या साऱ्याला आता थोडी घाई आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या वाहनांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पुष्कळच वाढले. प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे. आमची गाडी सुरू झाली त्या सकाळी पहिली दहा मिनिटे समोरचे दुकान दिसत नव्हते, आणि दुकानदाराने जे शब्द वापरले ते अन्याय्य नव्हते. पंप पुन्हा एकदा बाकावर चढवून धूर कमी झाला, निघून गेला नाही. जुनी गाडी ठेवणे सदैव पुण्याचे असते असे आम्ही म्हणणार नाही. पण बर्नार्ड लंडन यांनी १९३२ साली सुचवलेली आयुर्मर्यादेची कल्पना आज आपल्या नियमपुस्तकाच्या इतक्या जवळ येऊन बसली आहे, हे स्टीव्हन्सनी रेखलेल्या गाडीच्या हौद्यात बसून वाचताना चमत्कारिक वाटते खरे.

असो. गाडी चालते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या पुढे तिची थरथर सुरू होते आणि डाव्या बाजूला किंचित ओढ आहे. योग्यता-तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर ब्रेकची मागची पाइप बदलायची आहे. भेगेवर वस्तादांनी नवी पट्टी मारली, टोके तिरकी कापून. फाउंडेशन पुन्हा बसवताना उजव्या कोनाखाली एक पातळ वायसर घालावा लागला, म्हणून त्यांनी तिथे पंचने तिसरे टिंब ठोकले.

राहिला फाळका. रंग खरवडताना खाली तीन थर निघाले, तपकिरी, निळा, मग पुन्हा तपकिरी, आणि निळ्या थरावर कुण्या रंगाऱ्याने सुबक वळणाने लिहिलेले 'आईचा आशीर्वाद', त्यातला 'शी' गंजाने खाल्लेला. ती अक्षरे ठेवायची, पुन्हा रेखायची की रंगाखाली जाऊ द्यायची, यावर आम्हा तिघांत एकमत झालेले नाही. वस्तादांचे म्हणणे, आधी गंज थांबवा, अक्षरांचे मागाहून बघू. त्यांनी फाळक्याला रेड ऑक्साइड मारायला घेतले आहे, अक्षरांपाशी थांबून.